भाराभर चिंध्या आणि एक धड गोधडी

(समाजाच्या वार्षिक संमेलनातील महिला सत्रात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आजच्या सत्रासाठी आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो दिसावयास अगदी लहान आहे. धांदलीच्या दिवसांतही घरची हातकामे चालू कशी ठेवावीत, एवढाच तो विषय. विद्यार्थ्यांची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वधूवरांचा परिचय अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला गोधडी, स्वेटर आणि कशिदा यांचाही पाट मांडून मंडळाने त्यांचा मान राखला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ज्या शिंपी समाजाची ओळखच सुईदोऱ्याने झाली, त्याच्या संमेलनात सुईदोऱ्याविषयी दोन शब्द बोलले जावेत, हे उचितच होय.

आपल्या घरांची स्थिती इतरांहून थोडी निराळी आहे. इतर घरांत शिवणटिपण हा फावल्या वेळचा उद्योग. आपल्याकडे तो पोटाचा उद्योग. जून महिना उजाडला की शाळांचे गणवेश. ते हातावेगळे होतात न होतात तोच नवरात्र-दिवाळीची गर्दी. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईची पोलकी, परकर आणि सदरे. मधल्या दिवसांत फॉल-बिडिंग, काज-बटण आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती ही आहेतच. ज्या घरांनी शिलाईचा धंदा सोडला, त्या घरांतील लेकीसुना कचेरीत, शाळेत, रुग्णालयात नोकऱ्या करतात. त्यांच्याही आठवड्यास सातच दिवस असतात. परिणामी घरचे म्हणून जे हातकाम, ते नेहमी 'हंगाम संपल्यावर' या सदरात जाऊन पडते. हंगाम मात्र संपत नाही. एक सरतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर येतो.

मग काय होते? सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी शिवावयाची म्हणून गाठोडे बांधून ठेवलेले असते. नातवासाठी आरंभिलेल्या स्वेटरची पाठ पुरी होऊन पुढचा भाग सुयांवरच राहिलेला असतो, आणि नातू तोवर पाठीच्या मापातून बाहेर पडलेला असतो. उशीच्या अभ्र्यावर काढावयास घेतलेल्या वेलीला चार पाने फुटून वेल तिथेच थांबलेली असते. घरातील कोणी वडीलधारे ते पाहून म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' ही म्हण कानांवर पडताच बाई ओशाळते, गाठोडे पुन्हा पेटीत जाते, आणि पुढची पाच वर्षे त्याची गाठ कोणी सोडीत नाही.

या म्हणीविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. म्हण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्यांनी गोधडी शिवली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की भाराभर चिंध्यांवाचून गोधडी होत नाही. चिंध्या जवळ असणे हा दोष नव्हे. त्यांना धावदोरा न मिळणे हा दोष होय. एकाच वेळी दोन-तीन कामे हाती असण्याचेही तसेच आहे. ती एकमेकांच्या आड येतात की एकमेकांस हात देतात, हे आपण त्यांची वाटणी कशी करतो यावर अवलंबून राहते. निवांत वेळेची वाट पाहत बसू नये. ज्या प्रकारचा वेळ हाती येतो, त्या प्रकारचे काम त्याला नेमून द्यावे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हे काम लांबणीवर टाकल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. जुने सुती कापड पेटीत राहिल्याने टिकते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले लुगडे घडीच्या रेषेवर विरते आणि उघडताना नेमके तिथेच फाटते. दमट हवेत त्यावर बुरशीचे डाग पडतात; कसर लागली तर विचारावयासच नको. पण कापडाहून लवकर विरणारी आणखी एक गोष्ट आहे. आमच्या परिचयातील एका घरी आजींच्या पश्चात त्यांची पेटी उघडण्यात आली. आत अकरा लुगड्यांचे तुकडे, दोन खण, एक लहानशी कुंची आणि मांजरपाटाचा एक सदरा निघाला. प्रत्येक वस्तू धुऊन, घडी घालून, सुतळीने बांधलेली. आजींच्या मनात काही योजना होती हे उघड होते. परंतु कोणते लुगडे कोणाच्या बारशाचे, सदरा कोणाचा, ती कुंची ज्याच्या डोक्यावर होती ते मूल पुढे वाचले की नाही, हे सांगणारे घरात कोणीच उरले नव्हते. सुनांनी मोठ्या आस्थेने गोधडी शिवली आणि ती उबदारही झाली. तथापि तिच्यावर बोट ठेवून 'हा तुकडा अमक्याचा' असे कोणास म्हणता येईना. आजी असताना दिवसाकाठी एक ओळ शिवली गेली असती, तर दिवसाकाठी एका तुकड्याची हकीकतही निघाली असती. भगिनींनो, आपल्या पेट्यांत असे गाठोडे नाही, असे छातीवर हात ठेवून किती जणींना सांगता येईल?

आता वेळेच्या वाटणीकडे वळू. श्रीसंत नामदेवमहाराज (इ. स. १२७० ते १३५०) हे आपल्या समाजाचे भूषण. गज, कातर, सुई आणि दोरा ही धंद्याची हत्यारेच त्यांनी नामस्मरणाला लावली, हे आपण सर्व जाणतोच. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्याच ग्रंथात, कबीरांच्या श्लोकांमध्ये, त्रिलोचन आणि नामदेव यांचा एक लहानसा संवाद आला आहे. कापड छापण्यातच तू का गुंतून पडलास, अशी त्रिलोचनाची पृच्छा. आणि हात कामात ठेवूनही चित्त ईश्वराच्या ठायी ठेवता येते, अशा आशयाचे नामदेवांचे उत्तर. त्यातील परमार्थ उलगडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु कारागिराने त्यातून एक व्यावहारिक गोष्ट अवश्य घ्यावी. काही कामे अशी असतात की ती हातांकडे सोपवून चित्त अन्यत्र नेता येते. काही कामे अशी की ती चित्तालाही जागेवरून हलू देत नाहीत. ही पारख झाली म्हणजे अर्धा प्रश्न सुटला.

घरच्या हातकामांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिले 'हाताचे काम'. यात लोकरीचे साधे, उलट-सुलट टाक्यांचे विणकाम आणि अंगवळणी पडलेल्या नमुन्याचे क्रोशाकाम येते. साखळी आणि खांब यांची गणती बोटांना पाठ असली म्हणजे डोळ्यांची गरज उरत नाही. लोकलच्या डब्यात, एस. टी.च्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, मुलाची शिकवणी सुटेपर्यंत, परगावच्या लेकीशी दूरध्वनीवर बोलताना, हे काम चालते. मात्र स्वेटरचा गळा उतरविणे किंवा बाहीचे टाके कमी करणे या वर्गात घालू नये. ते घरी, स्वस्थ बसूनच करावे.

दुसरे 'डोळ्यांचे काम'. कशिदा आणि विशेषेकरून कापडाचे धागे मोजून करावयाचे भरतकाम या वर्गातील होय. धारवाडकडील कसूती ज्यांनी केली असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. तिथे दोऱ्याला गाठ मारता येत नाही, उलट आणि सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात, आणि एक धागा चुकला तर पुढची सारी आकृती सरकते. असे काम रात्री दहा वाजता, दुकानाचा हिशेब आटोपल्यावर हाती घेणे म्हणजे दुसऱ्या दिवशी उसवण्याचे काम वाढविणे होय. त्यातून चाळिशी लागल्यावर काळ्या कापडावरील गडद दोरा दिव्याच्या उजेडात दिसत नाही. म्हणून या कामाला दिवसाचा उजेड आणि ताजे डोळे द्यावेत. आठवड्यातून एकदा, सुटीच्या सकाळी, खिडकीपाशी पाऊण तास मिळाला तरी पुरे.

तिसरे 'जागेचे काम'. गोधडी हे त्याचे उत्तम उदाहरण. ती अंथरावयास खोली मोकळी लागते, चारही कडा ताणून धरावयास माणसे लागतात, आणि थरांना कच्चे टाके घालून होईपर्यंत मध्ये उठता येत नाही. यासाठी एक पुरी दुपार राखून ठेवणे भाग आहे. परंतु एकदा कच्चे टाके पडले की तीच गोधडी गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येते आणि रोज हातभर उलगडून शिवता येते. तिचा आरंभ तेवढा एक दुपार मागतो; पुढचे सारे काम तुकड्यातुकड्यांनी होते.

आपण हिशेबी माणसे आहोत, म्हणून याचा हिशेबच मांडू. समजा, गोधडी ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब आहे, आणि धावदोऱ्याच्या ओळींत एकेक इंचाचे अंतर आहे. म्हणजे ७ फुटांच्या सुमारे ६० ओळी झाल्या. एकंदर शिलाई ४२० फूट, अर्थात १४० वार. इंचास तीन टाके धरले तर एका ओळीत २५२ आणि सबंध गोधडीत १५,१२० टाके. हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु सरावलेल्या हाताला एका ओळीस वीस मिनिटे पुरतात. साठ ओळींचे वीस तास झाले. सलग वीस तास आपल्यापैकी कोणाच्याही घरात मिळणार नाहीत; वीस मिनिटे मात्र मिळतात.

काही भागांत काठापासून आत, चौकोनी फेऱ्यांनी शिवीत येण्याची रीत आहे. तीही सुरेख. वरील मापाच्या गोधडीचा पहिला फेरा २४ फुटांचा होतो आणि पुढचा प्रत्येक फेरा ८ इंचांनी आखडत जातो. त्यामुळे काम सरत आल्याचे समाधान डोळ्यांना मिळते. चौघीजणी चार बाजूंना बसणार असतील तर हीच रीत घ्यावी. पण एकटीने, धांदलीच्या दिवसांत शिवावयाचे असेल तर सरळ ओळी बऱ्या. पहिल्या फेऱ्याला तासाहून अधिक वेळ लागतो आणि अर्धा फेरा सोडून उठावे लागते. ओळ मात्र रोज सारख्याच मापाची आणि रोज पुरी होणारी असते.

आता चार नियम सांगतो. ते अनुभवाने सिद्ध झालेले आहेत.

पहिला नियम असा की हाती तीनच कामे असावीत, आणि ती तीन वर्गांतील असावीत. दोन स्वेटर एकदम घेतले तर दोन्ही एकाच वेळेवर हक्क सांगतात आणि भांडतात. स्वेटर, अभ्रा आणि गोधडी यांचे भांडण होत नाही, कारण त्यांच्या वेळाच निराळ्या आहेत. तिघांत अग्रमान बाळाच्या वस्तूंना द्यावा. झबले, टोपरे, दुपटे यांचा मुहूर्त आपल्या हाती नसतो. बाळाचा स्वेटर एक माप मोठाच घालावा. विलंब झाला तरी अंगाला येतो.

दुसरा नियम पिशवीचा. प्रत्येक कामाची स्वतंत्र पिशवी करून तीत सुई, दोरा, लहान कात्री, अंगुस्तान, जे लागेल ते सारे ठेवावे. घरात एकच कात्री तिन्ही कामांसाठी फिरू लागली की वीस मिनिटांतील दहा ती शोधण्यात जातात. लोकर आरंभीच पुरेशी आणि रंगाच्या एकाच खेपेची घ्यावी; वेष्टनावर खेपेचा क्रमांक असतो. पुढच्या खेपेची छटा किंचित बदलते आणि अर्ध्या बाहीवर तो फरक उघडा पडतो. गोधडीत घालावयाचे कोरे कापड आधी भिजवून वाळवावे, म्हणजे मागाहून आटून शिवण ओढली जात नाही. लाल कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून त्याचा रंग पाहावा.

तिसरा नियम थांबण्याचा. काम कुठे थांबवावे याला कसब लागते. विणकाम ओळीच्या मध्यावर सोडू नये, टाके निसटतात. क्रोशाचा शेवटचा फास थोडा लांब ओढून त्यात पिन अडकवावी. गोधडीवर उद्याच्या ओळीची खडूची रेघ आजच मारून ठेवावी आणि चार सुयांत दोरा ओवून त्या सुयांच्या गादीवर टोचाव्यात. सुई कापडात राहू देऊ नये. पावसाळ्यात तिच्या गंजाचा डाग पडतो आणि घरात रांगते मूल असेल तर भय निराळेच. पिशवीत एक चिठ्ठी असावी: 'आठवी ओळ झाली, पुढे दोन टाके कमी.' दहा दिवसांनी पिशवी उघडली तरी चिठ्ठी हात धरून नेते.

चौथा नियम नोंदीचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत झालेले काम लिहावे. तास लिहू नयेत, ओळी आणि इंच लिहावेत. नगावर मजुरी मोजणाऱ्या समाजाला ही पद्धत नवी नाही. रिकाम्या चौकटीबद्दल मनास लावून घेऊ नये. फक्त दोन आठवडे एकसारखे रिकामे जाऊ देऊ नयेत.

हे कसे घडते ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. जून महिना, दुकानात गणवेशांचे ढीग. सासूबाई, दुकानात मदत करणारी सून आणि नोकरीसाठी रेल्वेने जाणारी लेक, अशा तिघी. त्या आठवड्याच्या चौकटींत अशी नोंद होती: सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी गोधडीची एकेक ओळ. बुधवारी माल पोचवावयाचा होता, म्हणून काही नाही. शुक्रवारीही काही नाही. लेकीने चार दिवसांच्या प्रवासात बाहीचे सहा इंच विणले. रविवारी सकाळी सुनेने अभ्र्यावर दोन पाने आणि अर्धे फूल काढले. याला कोणी प्रगती म्हणेल काय? अवश्य म्हणावे. आठवड्यास चार ओळी या वेगाने साठ ओळींची गोधडी पंधरा आठवड्यांत होते. जूनच्या आरंभी अंथरलेली गोधडी सप्टेंबरच्या मध्यास अंगावर येते, आणि तीही वर्षातील एका मोठ्या हंगामाच्या नाकावर टिच्चून.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बाजारात रजया आणि स्वेटर स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? विकत मिळणारी रजई जरूर विकत घ्यावी. आमची तिला हरकत नाही. परंतु आईचे लुगडे कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय अनेक वेळा धुतलेले सुती कापड बाळाच्या अंगाला जसे मऊ लागते आणि घाम टिपते, तसे कृत्रिम धाग्याचे कापड टिपीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या तरुण भगिनींचा आहे. धंदा, नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास एवढे ओझे असताना त्यावर गोधडीचे ओझे आणखी का घालता, असे त्या विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की हे काम बायकांनीच करावे असे कोठे आहे? आपल्या समाजात सुई ही केवळ बायकांची कधीच नव्हती. आपल्या आजेपणजे मांडी घालून हाताने अंगरखे शिवीत. दुकानात दिवसभर सुई धरणारा पुरुष घरी आल्यावर गोधडीची एक ओळ घालील तर त्याचे पौरुष उणे होत नाही. मुलांनी सुया ओवून द्याव्यात. आजोबांनी खडूची रेघ मारावी. आणि ज्यांना हकीकती ठाऊक आहेत त्या वृद्धांनी नुसते जवळ बसून बोलावे. काम अनेक हातांत वाटले गेले तर त्याचे ओझे होत नाही, आणि ज्या घरात ते एकटीवरच पडत असेल तिथे गोधडी न झालेली बरी, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

अखेरीस एक नम्र विनंती. पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक घराने एक गाठोडे सोडावे. सर्वच काढण्याची गरज नाही, एकच. घरातील सर्वांत वडील माणसाला समोर बसवावे, प्रत्येक तुकडा हाती देऊन तो कोणाचा हे विचारावे आणि एका वहीत लिहून घ्यावे. मग एक दुपार खोली मोकळी करून थर अंथरावेत आणि कच्चे टाके घालावेत. धावदोऱ्याच्या ओळी पुढे होतील तशा होतील. पण ते विचारण्याचे काम मात्र या महिन्यातच करावे, कारण कापड आणखी काही वर्षे थांबेल. सांगणारे थांबतीलच असे नाही.